ट्रोलांना उत्तर कोणी द्यावे?

समाजमाध्यमांवर कोणी अपशब्द वापरले, टर उडवली किंवा टोळीने अंगावर धावून आले, तर त्याकडे दुर्लक्ष करावे, हा सल्ला आज घरोघरी दिला जातो आणि तो देणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. हा सल्ला मात्र आजचा नाही. तो इंटरनेटच्या बाल्यावस्थेत, १९८० आणि १९९०च्या दशकांत, ‘यूजनेट’ या चर्चागटांच्या जाळ्यावर रूढ झाला. त्या काळी एखाद्या विषयाचे जाणकार आणि हौशी लोक गटागटाने लिहून चर्चा करीत, आणि त्या चर्चेत मुद्दाम एखादे खोटे, भडक किंवा बाळबोध विधान टाकून नवख्यांना चिडवण्याचा उद्योग काही जण करीत. अशांना ‘ट्रोल’ म्हटले जाऊ लागले. मराठी वृत्तपत्रांत पुढे त्यांच्यासाठी ‘जल्पक’ हा शब्द आला आणि बोलण्यात ‘ट्रोलभैरव’ रुळला. ज्युडिथ डोनाथ या अभ्यासिकेने १९९०च्या दशकाच्या अखेरीस ट्रोलिंगचे वर्णन करताना म्हटले की, हा खोट्या ओळखीचा खेळ आहे आणि तो इतर बहुतेक खेळाडूंच्या संमतीवाचून खेळला जातो. खेळणाऱ्याला हवा असतो तो समोरच्याचा संताप, आणि तो मिळाला नाही की खेळ आपोआप संपतो. त्या परिस्थितीत दुर्लक्षाचा सल्ला अचूक होता.

पुढे परिस्थिती बदलली, पण सल्ला तसाच राहिला. त्या सल्ल्यामागे काही गृहीते होती: खोडसाळ माणूस एकटा आहे, गट लहान आहे, आणि खोडसाळाला समाधान मिळते ते केवळ बळी पडलेल्याच्या प्रतिक्रियेतून. आज हल्ला करणारे अनेक असतात, बघणारे लाखांत असतात, आणि हल्लेखोराला शाबासकी स्वतःच्याच गोतावळ्यातून मिळत असल्यामुळे समोरचा चिडला काय किंवा गप्प बसला काय, त्याला फारसा फरक पडत नाही. अशा वेळी ‘दुर्लक्ष करा’ या सल्ल्याचा व्यवहारातील अर्थ ‘मैदान सोडून जा’ एवढाच उरतो. म्हणूनच उत्तर द्यावे की देऊ नये, या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही. उत्तर कोणी द्यावे, कोणाला उद्देशून द्यावे आणि ते कोणत्या प्रकारच्या हल्ल्याला द्यावे, हे प्रश्न अधिक कामाचे आहेत. आणि त्यांचा विचार केल्यावर असे दिसते की, ज्याच्यावर हल्ला झाला त्याने मौन पाळणे पुष्कळदा हिताचे असते, परंतु भोवतालच्यांचे मौन क्वचितच हिताचे ठरते.

या विचाराआधी एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. टीका म्हणजे ट्रोलिंग नव्हे, मग ती टीका कितीही झोंबरी, उपहासपूर्ण किंवा अन्याय्य असो. टीकेचा रोख विधानावर, कृतीवर किंवा धोरणावर असतो आणि तिला उत्तर देता येते; ट्रोलिंगचा रोख माणसावर असतो, त्याच्या रूपावर, जातीवर, धर्मावर, कुटुंबावर असतो, आणि त्याला दिलेले कोणतेही उत्तर पुरेसे ठरत नाही, कारण उत्तर मिळवणे हा त्याचा हेतूच नसतो. सत्तेत किंवा प्रसिद्धीत असलेली माणसे हा भेद अनेकदा सोयीने पुसून टाकतात आणि प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला ट्रोलिंग म्हणून मोकळी होतात. महाराष्ट्राला या गोंधळाची किंमत ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर प्रश्न विचारणारी पोस्ट फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमधील एका तरुणीला आणि ती पोस्ट पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ अ’ हे कलम त्या अटकेत वापरले गेले होते. त्रासदायक किंवा अत्यंत आक्षेपार्ह असा कोणताही मजकूर पाठवणे त्या कलमाने गुन्हा ठरवले होते, आणि त्रासदायक कशाला म्हणावे याची व्याख्या मात्र कोठेच नव्हती. श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने दाखल केलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. ट्रोलांवर कठोर कायदा करा, अशी मागणी करताना हा इतिहास विसरून चालत नाही, कारण मोघम शब्दांत लिहिलेला कायदा ट्रोलांच्या आधी प्रश्न विचारणाऱ्यांना गाठतो.

ट्रोल कोण असतात, याविषयी एक सोपी समजूत आहे की ती विकृत माणसे असतात. ती पूर्ण चुकीची नाही. कॅनडातील एरिन बकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, ज्यांना इतरांना चिडवण्यात ऑनलाइन आनंद मिळतो त्यांच्यात परपीडनाची, म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेतून सुख घेण्याची प्रवृत्ती ठळकपणे दिसते. परंतु अशी माणसे थोडी असतात आणि ट्रोलिंग मात्र अफाट असते, त्यामुळे एवढ्या स्पष्टीकरणाने भागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४मध्ये ‘ऑनलाइन निःसंकोचता’ ही कल्पना मांडली. ओळख झाकलेली असते, समोरच्याचा चेहरा आणि त्यावर उमटणारी वेदना दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावे लागत नाही, वडीलधारे किंवा अधिकारी आसपास आहेत असे वाटत नाही, आणि या सर्वांमुळे माणूस प्रत्यक्षात जे कधी बोलला नसता ते लिहून जातो, असे त्यांचे म्हणणे. याच निःसंकोचतेमुळे काही माणसे मनातले दुःख मोकळेपणाने सांगू शकतात, हेही त्यांनी नोंदवले आहे.

याहून अधिक विचार करायला लावणारे संशोधन स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल या विद्यापीठांतील अभ्यासकांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी केलेल्या प्रयोगात सहभागी झालेल्या काही जणांना आधी मुद्दाम अवघड चाचणी देऊन त्यांचा विरस केला गेला, तर इतरांना सोपी चाचणी देऊन खूश ठेवले गेले. नंतर सर्वांना एक लेख वाचून प्रतिक्रिया लिहायला सांगितले, आणि त्या लेखाखाली काहींना आधीच्या शिवराळ प्रतिक्रिया दिसतील, तर काहींना सौम्य प्रतिक्रिया दिसतील, अशी योजना केली. मन प्रसन्न आणि आधीच्या प्रतिक्रिया सौम्य असताना सुमारे ३५ टक्के लोकांनी ट्रोलसारखे लिहिले. मन उद्विग्न आणि आधीच्या प्रतिक्रिया शिवराळ असताना हे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत गेले. सीएनएन या वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळावरील दीड कोटीहून अधिक प्रतिक्रिया तपासल्यावर याच अभ्यासकांना असेही दिसले की, अशा लेखनाला रात्री उशिरा आणि आठवड्याच्या आरंभी, सोमवारी, भरती येते. माणसाचा स्वभाव रात्री बदलत नाही; बदलते ती त्याची मनःस्थिती. चर्चेतील पहिल्या दोन-तीन प्रतिक्रिया पुढच्या सगळ्या चर्चेचा सूर ठरवतात, हा या संशोधनातील सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण पहिली समंजस प्रतिक्रिया लिहिणे कोणाच्याही हातात असते.

परपीडनातून आणि मनःस्थितीच्या भरात होणाऱ्या ट्रोलिंगखेरीज तिसरा प्रकार संघटित हल्ल्याचा, ज्याला मराठीत ‘टोळधाड’ म्हटले जाते. येथे प्रत्येक खात्यामागे स्वतंत्र राग असतोच असे नाही. कोणी तरी एखाद्या व्यक्तीचे नाव पुढे करतो, हॅशटॅग ठरतो, आणि ठरावीक मजकूर शेकडो खात्यांवरून एकाच वेळी पडू लागतो. राजकीय पक्षांचे समर्थक, चित्रपट कलावंतांचे चाहते, जातीय आणि धार्मिक गट अशा सर्वांनी हे तंत्र आत्मसात केले आहे, आणि कोणत्याही एका बाजूची ही मक्तेदारी नाही. सार्वजनिक छळ महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यात सनातन्यांनी गोपाळ गणेश आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. पण ती यात्रा संध्याकाळी पांगली आणि तीत सामील झालेल्यांचे चेहरे गावाला दिसले. आजची यात्रा रात्रभर खिशातल्या फोनमध्ये चालू राहते आणि तिच्यातील चेहरे झाकलेले असतात, हा फरक छळाचे स्वरूपच पालटून टाकणारा आहे.

या यात्रेला बळ कोठून मिळते, हे समजून घेतल्याशिवाय उत्तराचा विचार अपुरा राहतो. कोणाला कोणती पोस्ट दाखवायची, हे समाजमाध्यमांवर गणिती नियमांनी ठरते, ज्यांना ‘अल्गोरिदम’ म्हणतात, आणि एखाद्या पोस्टवर किती लोक थांबले, किती जणांनी प्रतिक्रिया दिली, किती जणांनी ती पुढे पाठवली, हे त्या नियमांचे मुख्य माप असते. संतापून लिहिलेली प्रतिक्रिया आणि कौतुकाची प्रतिक्रिया यांत हे माप पुष्कळदा भेद करीत नाही. त्यामुळे ‘बघा, हा माणूस काय लिहितो’ असे म्हणून ट्रोलची पोस्ट स्वतःच्या अनुयायांना दाखवणारी सज्जन व्यक्ती प्रत्यक्षात त्या ट्रोलला नवे प्रेक्षक मिळवून देते. पूर्वी ट्विटर या नावाने चालणाऱ्या ‘एक्स’ने तर जुलै २०२३मध्ये पोस्टखालील प्रतिसादांत दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातला वाटा पात्र लेखकांना देण्यास सुरुवात केली. म्हणजे लोकांना चिडवून प्रतिसाद ओढून घेणे हा त्या काळात अक्षरशः पैसे मिळवण्याचा मार्ग झाला. संतापाला भाव देणारी ही रचना माणसांनी ठरवलेली आहे आणि माणसांनाच ती बदलता येईल. तोवर मात्र ट्रोलच्या पोस्टला थेट प्रतिसाद देताना किंवा ती उद्धृत करताना हे नुकसान प्रत्येकाने मनात धरले पाहिजे. विरोध नोंदवायचाच असेल, तर ट्रोलचे नाव, खाते आणि मूळ पोस्ट न दाखवता मुद्द्यावर स्वतंत्रपणे लिहिणे अधिक सयुक्तिक ठरते.

उत्तर कोणी द्यावे, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण क्रिकेटने दिले. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात पाकिस्तानने भारताचा १० गडी राखून पराभव केला, आणि त्यानंतर मोहम्मद शमी या गोलंदाजाच्या समाजमाध्यम खात्यांवर त्याच्या धर्मावरून गलिच्छ मजकुराचा वर्षाव झाला. पराभव साऱ्या संघाचा होता, पण देशनिष्ठेचा पुरावा एकाकडे मागितला गेला. शमीने त्या ट्रोलांपैकी कोणाला उत्तर दिले असते, तर तो आपल्या निष्ठेचा खुलासा करीत बसला असता, आणि खुलासा करावा लागणे हाच तर अपमान होता. त्याच्या वतीने सचिन तेंडुलकरसह अनेक आजीमाजी खेळाडू बोलले, आणि ३० ऑक्टोबरला संघनायक विराट कोहलीने पत्रकार परिषदेत धर्मावरून एखाद्याला लक्ष्य करणे ही माणसाच्या हातून होणारी अत्यंत हीन गोष्ट असल्याचे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. कोहलीने कोणत्याही ट्रोलचे नाव घेतले नाही आणि कोणाशी वाद घातला नाही. त्याचे बोलणे देशभरच्या प्रेक्षकांसाठी आणि स्वतःच्या सहकाऱ्यासाठी होते. संघनायकाने असे बोलण्याने शिव्या देणाऱ्यांचे मन पालटले असेल असे नाही, पण असे वागणे संघाला आणि खेळाला मान्य नाही, ही गोष्ट जाहीरपणे नोंदली गेली.

या घटनेची पुढची बाजूही तितकीच बोधक आहे. कोहली बोलल्यानंतर हल्ल्याचा रोख त्याच्याकडे वळला आणि त्याच्या अवघ्या दहा महिन्यांच्या मुलीवर बलात्काराची धमकी एका खात्यावरून दिली गेली. या धमकीला कोणतेही शाब्दिक उत्तर असू शकत नव्हते. तक्रार नोंदवली गेली आणि मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या परिसरातून तेवीस वर्षांच्या एका सुशिक्षित सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. पुढे कोहलीच्या व्यवस्थापकाने संमती दिल्यावर एप्रिल २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. एका तान्ह्या मुलीविषयी असे शब्द लिहिले गेल्याचा आरोप एका चांगल्या संस्थेत शिकलेल्या तरुणावर यावा, ही गोष्ट कोणत्याही पालकाला अस्वस्थ करणारी आहे. शमीसाठी एक पाऊल पुढे टाकणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, हे यातून दिसते. म्हणूनच असे पाऊल एकट्याने टाकण्यापेक्षा अनेकांनी मिळून टाकणे इष्ट.

त्रयस्थाने दिलेल्या उत्तराचा परिणाम होतो का, याची तपासणी संशोधकांनी केली आहे. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ केविन मंगर यांच्या २०१७च्या अभ्यासात कृष्णवर्णीयांविषयी अपशब्द वापरणाऱ्या गोऱ्या पुरुषांच्या ट्विटर खात्यांना बनावट खात्यांवरून समज देण्यात आली, की या भाषेने दुखावली जाणारी माणसे खरीखुरी आहेत. समज देणारे खाते गोऱ्या व्यक्तीचे आणि पुष्कळ अनुयायी असलेले दिसत होते तेव्हा अपशब्द लक्षणीय प्रमाणात कमी झाले. इतर प्रकारच्या खात्यांना तेवढे यश आले नाही. आपल्याच माणसाने आणि त्यातही मान असलेल्याने कान उपटले तर ते लागतात, हे गावगाड्यात पूर्वापार ठाऊक असलेले सत्य येथे मोजून दाखवले गेले. झुरिचमधील संशोधकांच्या गटाने २०२१मध्ये १,३५० ट्विटर वापरकर्त्यांवर केलेल्या प्रयोगात परकीयद्वेष्टा मजकूर लिहिणाऱ्यांना तीन प्रकारची उत्तरे दिली: विनोदी, परिणामांचा इशारा देणारी, आणि ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्या वेदनेकडे लक्ष वेधणारी. त्यांपैकी केवळ तिसऱ्या प्रकारच्या उत्तराने असा मजकूर काहीसा कमी झाला. परिणाम लहान होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही ट्रोलला विनोदाने गारद करण्याची जी फॅशन समाजमाध्यमांवर लोकप्रिय आहे, तिला या प्रयोगात आधार मिळत नाही. चुरचुरीत उत्तराने टाळ्या मिळतात, वर्तन सहसा बदलत नाही.

याच विचाराला संघटित रूप स्वीडनमध्ये मिळाले. पत्रकार मीना डेनर्ट यांनी २०१६मध्ये ‘मी इथे आहे’ अशा अर्थाच्या हॅशटॅगखाली एक फेसबुक गट उभा केला. वृत्तपत्रांच्या पोस्टखाली द्वेषाचा पूर आलेला दिसला की या गटाचे सदस्य तेथे जातात, ट्रोलांशी भांडत बसत नाहीत, माहितीपूर्ण आणि संयत प्रतिक्रिया लिहितात, आणि एकमेकांच्या अशा प्रतिक्रियांना पसंती देऊन त्या वर आणतात, म्हणजे त्यानंतर येणाऱ्या वाचकाला आधी तेच दिसते. जर्मनीसह इतर देशांतही असे गट निघाले. स्टॅनफर्ड-कॉर्नेलच्या प्रयोगाने दाखवलेली सूर ठरण्याची प्रक्रिया येथे चांगल्या कामासाठी वापरली जाते. मराठीत असा गट उभा करायला ना पैसा लागतो, ना कोणाची परवानगी. पंधरा-वीस वाचनप्रिय, शांत डोक्याची माणसे पुरेशी आहेत.

ट्रोलशी समोरासमोर बोलून त्याला बदलल्याची उदाहरणे अगदीच नाहीत असे नाही. केंब्रिज विद्यापीठातील प्राचीन रोमच्या विदुषी मेरी बिअर्ड यांनी २०१३मध्ये त्यांना अश्लील शब्द लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्याचा मजकूर उघड केला, त्याने माफी मागितली, आणि पुढे त्याच्या नोकरीसाठी बिअर्ड यांनी शिफारसपत्र लिहिण्याचीही तयारी दाखवली. ही उदारता थोर आहे, परंतु तिचा नियम करता येत नाही. बिअर्ड वयाने, मानाने आणि पदाने मोठ्या होत्या, बघणारे त्यांच्या बाजूचे होते, आणि समोरचा एकटा होता. नुकतीच बारावी झालेली मुलगी शंभर अनोळखी खात्यांपुढे उभी असते तेव्हा यांतील एकही गोष्ट तिच्याजवळ नसते.

आणि तिच्यावर होणारा हल्ला पुरुषांवरील हल्ल्यापेक्षा वेगळा असतो. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात भारतातील ९५ महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेल्या १,१४,७१६ ट्विटचा अभ्यास केला, तेव्हा दर सात ट्विटमागे जवळपास एक आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे आढळले, आणि मुस्लिम महिलांच्या वाट्याला त्याहून अधिक आले. २०२४मध्ये उत्तर प्रदेशच्या दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा तिच्या गुणांपेक्षा तिच्या चेहऱ्यावरील केसांची चर्चा अधिक झाली. अशा प्रसंगी अनेक घरांत पहिला निर्णय होतो तो मुलीचा फोन काढून घेण्याचा किंवा तिचे खाते बंद करण्याचा, आणि ‘तू फोटो टाकलासच कशाला’ हा प्रश्न पाठोपाठ येतो. हा निर्णय काळजीपोटी घेतलेला असला तरी त्याचा परिणाम उलटा होतो. पुढच्या वेळी मुलगी घरी सांगतच नाही, आणि धमकावणाऱ्याचे काम तेवढ्याने निम्मे होते. घरातल्यांनी प्रथम तिच्या शेजारी बसावे, दोष तिचा नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि शिव्यांचे संदेश वाचण्याचे, त्यांची नोंद ठेवण्याचे व तक्रारीचे काम स्वतःकडे घ्यावे. ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाच ते सर्व पुन्हा पुन्हा वाचावे लागू नये, ही फार मोठी मदत आहे.

नोंद ठेवण्याचे काम काळजीने करावे लागते. ब्लॉक करण्यापूर्वी किंवा मजकूर पुसण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा, त्यात खात्याचे नाव, तारीख आणि वेळ दिसेल असे पाहावे, पोस्टची आणि खात्याची लिंक वेगळी लिहून ठेवावी, कारण दिसणारे नाव क्षणात बदलता येते, लिंकवरून मात्र माग काढणे सोपे जाते. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ संदेश ज्या फोनवर आले तो फोन जपून ठेवणे श्रेयस्कर. त्यानंतर ब्लॉक करण्यात कोणताही पळपुटेपणा नाही. कोणाचे ऐकून घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त ‘एक्स’वर २०२४च्या अखेरीपासून ब्लॉक केलेल्या व्यक्तीलाही सार्वजनिक पोस्ट दिसतात, हे ध्यानात ठेवावे. इन्स्टाग्रामवरील ‘रिस्ट्रिक्ट’ ही सोय अनेक प्रसंगी अधिक उपयोगी पडते, कारण तीत त्रास देणाऱ्याची प्रतिक्रिया त्याची त्यालाच दिसत राहते आणि आपल्याला अडवले आहे हे त्याला कळत नाही. नको असलेले शब्द गाळण्याच्या सोयीत मराठी शिव्या देवनागरीत आणि रोमन लिपीतील निरनिराळ्या वर्णलेखनांतही भरून ठेवाव्यात.

कायद्याकडे कधी जावे, याची रेषा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जिवाची किंवा बलात्काराची धमकी, पाठलाग, खोटे खाते, अश्लील किंवा फेरफार केलेले छायाचित्र, घरचा पत्ता किंवा फोन क्रमांक उघड करणे, यांपैकी काहीही घडले की दुर्लक्षाचा विचार बाजूला ठेवावा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ स्त्रीच्या पाठलागाविषयी आहे आणि त्यात इंटरनेटवरील पाळतही येते. कलम ७९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्दांविषयी आहे. कलम ३५१ धमकीविषयी आहे आणि ओळख लपवून दिलेल्या धमकीला त्यात वाढीव शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ क, ६६ ई, ६७ आणि ६७ अ ही कलमे अनुक्रमे ओळखीची चोरी, खासगीपणाचा भंग, अश्लील मजकूर आणि लैंगिक कृतीचे चित्रण यांविषयी आहेत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते, आणि घटना दुसऱ्या हद्दीतील आहे या कारणाने ठाण्याला ती नाकारता येत नाही. पाठपुरावा मात्र सोडू नये. मुस्लिम महिलांची छायाचित्रे लावून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारे एक ॲप जुलै २०२१मध्ये आले आणि त्याच्या तक्रारीवर सहा महिने अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी तसेच दुसरे ॲप निघाले, मुंबई पोलिसांनी काही दिवसांत संशयितांना पकडले, आणि त्यानंतरच पहिल्या प्रकरणाच्याही तपासाला गती आली.

खासगी छायाचित्रे पसरवण्याची धमकी असेल तर डिसेंबर २०२१मध्ये ब्रिटनमधून सुरू झालेली ‘स्टॉप एनसीआयआय’ ही विनामूल्य सेवा प्रौढांना वापरता येते. तीत छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. त्याच्यापासून एक अंकात्मक ठसा फोनवरच तयार होतो, केवळ तो ठसा सहभागी कंपन्यांना मिळतो, आणि त्याच्याशी जुळणारे चित्र त्यांच्या माध्यमांवर अडवले जाते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाऊन’ ही तशीच सेवा अमेरिकेतून चालते. या दोन सेवांची माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर असायला हवी.

समाजमाध्यम कंपन्यांची जबाबदारी यातून सुटत नाही. २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि ठरावीक मुदतीत निर्णय देणे बंधनकारक केले, आणि २०२२च्या दुरुस्तीने त्या निर्णयावर तक्रार अपील समितीकडे दाद मागण्याची सोय केली. कंपन्यांनी मनावर घेतले तर फरक पडतो, याचा पुरावाही आहे: ‘रेडिट’ने २०१५मध्ये द्वेष पसरवणारे दोन मोठे गट बंद केले, तेव्हा तेथे राहिलेल्या त्याच सदस्यांच्या लेखनातील द्वेषाचे शब्द किमान ८० टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. मराठीच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मजकूर तपासणारी यंत्रे प्रामुख्याने इंग्रजीवर घडवली गेली असल्याने मराठी शिवीतली धार, जातिवाचक टोमणा किंवा रोमन लिपीत लिहिलेली धमकी त्यांच्या नजरेतून निसटते. पुण्यातील ‘एलथ्रीक्यूब’ या संशोधनगटाने २०२२मध्ये पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्विटचे द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील आणि निर्दोष असे वर्गीकरण करून ‘महाहेट’ हा संग्रह सर्वांसाठी खुला केला, तो अशा यंत्रांना मराठी शिकवण्यासाठीच. असे काम आणखी व्हायला हवे. तोवर मराठी वाचकांनी आपल्या ओळखीच्या कोणावर अशी टोळधाड आलेली दिसली तर पुढील दोन गोष्टी त्याच दिवशी कराव्यात: ज्याच्यावर हल्ला झाला त्याला ‘नोंदी आणि तक्रार आम्ही बघतो’ असा खासगी निरोप पाठवावा, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे तक्रार नोंदवताना त्या मराठी शब्दांचा अर्थ व त्यातील धमकी सोप्या इंग्रजीत लिहून द्यावी, म्हणजे तपासणाऱ्याला भाषा कळली नाही हे कारण उरणार नाही.